सकाळी दहाला उजाडणारी दरी : कंट्री संगीतातले डोंगर

अमेरिकेच्या केंटकी राज्यात हार्लन नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिच्यावर डॅरेल स्कॉट या गायक-गीतकाराने १९९७ साली एक गाणं केलं. त्यात तो सांगतो, आमच्याकडे सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी तीनला मावळतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, कवी जरा वाढवून सांगतोय. पण पूर्व केंटकीचा नकाशा बघितला की त्याचं म्हणणं पटतं. तिथले डोंगर फार उंच नाहीत, मात्र एकमेकांना चिकटलेले आणि उभ्या उताराचे आहेत. दोन सोंडांच्या मधून ओढा वाहतो, ओढ्याच्या काठाने जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता, रस्त्याला लागून घरं, आणि घराच्या परसदारापासूनच चढ सुरू. अशा घळीला तिथले लोक ‘हॉलर’ म्हणतात. घळीच्या तळाशी राहणाऱ्याला सूर्य दिसतो तो समोरची धार चढून आल्यावर, आणि तो पलीकडच्या धारेमागे उतरला की दिवेलागण.

त्या कडव्यात डोंगर हिरवा आहे की निळा, किती उंच आहे, याबद्दल अवाक्षर नाही. फक्त ऊन किती तास मिळतं ते सांगितलंय, आणि तेवढ्यावर सगळी दरी डोळ्यांपुढे उभी राहते. कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण गाण्यांच्या परंपरेत, डोंगर कसा येतो हे समजून घ्यायचं तर मी इथून सुरुवात करेन, कारण या संगीतात दोन वेगवेगळे डोंगर आहेत. एक लांबून दिसणारा, पोस्टकार्डावरचा. दुसरा आतून, तळाशी राहून अनुभवलेला. आणि गंमत म्हणजे यातला दुसराही बहुतेक वेळा डोंगर सोडून गेलेल्या माणसांनीच गायलेला आहे.

आपल्याकडे कंट्री म्हटलं की हॅट, घोडा, टेक्सासचं माळरान असं काहीतरी आठवतं. ती एक बाजू झाली. या संगीताचं एक मोठं मूळ पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगररांगांत आहे. ही रांग अलाबामापासून पार कॅनडापर्यंत जाते. जगातल्या अतिशय जुन्या डोंगरांपैकी ती आहे, त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या पावसापाण्याने झिजून तिचे माथे गोलसर झालेत. सर्वात उंच शिखर नॉर्थ कॅरोलिनातलं माउंट मिचेल, २०३७ मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे ४०० मीटरने जास्त, बस. गाण्यांत सारखी भेटणारी ‘ब्लू रिज’ म्हणजे याच रांगेची पूर्वेकडची धार. ती निळी दिसते हे खरं आहे. तिथली दाट झाडी जी वायुरूप द्रव्यं हवेत सोडते, त्यांच्यापासून तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे निळा प्रकाश विखुरतो आणि लांबच्या रांगांवर निळसर धुरका पसरल्यासारखा वाटतो.

या डोंगरांत आधी चेरोकी लोक होते. १८३८ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांतल्या बहुतेकांना सैन्य लावून पश्चिमेकडे हाकललं. गोऱ्या वसाहतवाल्यांमध्ये आयर्लंडच्या अल्स्टर भागातून आलेले मूळचे स्कॉटिश लोक पुष्कळ होते. अठराव्या शतकात ते फिलाडेल्फियाला उतरले आणि सपाटीवरची चांगली जमीन महाग म्हणून दऱ्याखोऱ्यांतून दक्षिणेकडे सरकत गेले. सोबत व्हायोलिन होतं, ज्याला गावाकडे ‘फिडल’ म्हणतात, आणि शेकडो वर्षांची कथागीतं होती. खून, दगाबाजी, बुडून मेलेल्या मुली, असा त्यांचा ऐवज. सेसिल शार्प हा इंग्लिश संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलिससोबत या डोंगरांत फिरला आणि त्याने दीड हजारांहून जास्त चाली उतरवून घेतल्या. त्याला तिथे जुनं इंग्लंड सापडलं. खरं तर तो तेच शोधायला गेला होता, त्यामुळे बाकीचं त्याने फारसं टिपलं नाही.

बाकीचं म्हणजे काय, तर बँजो. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्याचं वाद्य म्हणून जे आज ओळखलं जातं, ते पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं. भोपळ्यावर चामडं ताणून, त्याला दांडी लावून ते बनवायचे. बँजोची पाचवी तार बाकीच्यांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बसवलेली असते. अंगठ्याने ती पुन्हा पुन्हा छेडतात, चाल कुठेही गेली तरी तिचा स्वर बदलत नाही. शाहिराच्या मागे तुणतुणं जे काम करतं तेच ही तार करते. फिडलवालाही चालीची तार वाजवताना शेजारची मोकळी तार सोबत घासत राहतो. वर कमी स्वरांची, कधी पाचच स्वरांची चाल, खाली न हलणारा एक सूर. डोंगरी संगीताचा जो उदास, पोकळ रंग लोकांना जाणवतो, त्याचं बरंचसं रहस्य या रचनेत आहे.

राहिला गळा. उंच पट्टीत, नाकातून, कंप न देता, ताणून गायलेला स्वर. त्याबद्दल एक लाडकं स्पष्टीकरण दिलं जातं की दरीपलीकडे आवाज पोचावा म्हणून माणसं अशी गाऊ लागली. ऐकायला छान आहे, पण मला चर्चचं कारण जास्त पटतं. या डोंगरांतल्या काही जुन्या बाप्टिस्ट पंथांच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. पूर्वी पुस्तकं कमी, वाचता येणारेही कमी. म्हणून एकजण ओळ पटकन म्हणून देतो आणि मग सगळी मंडळी ती ओळ संथ, लांबवत, प्रत्येकजण आपापल्या वळणाने गाते. राल्फ स्टॅनली हा बँजोवादक-गायक अशाच चर्चच्या वातावरणात वाढला. जन्म १९२७, व्हर्जिनियातल्या क्लिंच माउंटनचा परिसर, आणि बँडचं नावही ‘क्लिंच माउंटन बॉइज’. २००० साली कोएन बंधूंच्या एका चित्रपटात त्याने मृत्यूला विनवणारं एक जुनं गाणं वाद्याविना गायलं. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. तो आवाज ऐकला की डोंगराचा उल्लेख नसूनही डोंगर ऐकू येतो असं लोक म्हणतात. ते लोक चर्चच ऐकत असतात.

हे सगळं घराच्या ओसरीवरून बाजारात आलं ते १९२७ च्या उन्हाळ्यात. ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर आहे, इतकं नेमकं की मुख्य रस्त्याच्या मधोमध सीमा जाते. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर तिथे रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला आणि एका रिकाम्या इमारतीत २५ जुलै ते ५ ऑगस्ट असे दिवस त्याने डोंगरातले गाणारे-वाजवणारे ध्वनिमुद्रित केले. क्लिंच माउंटनच्या पायथ्याच्या ‘पुअर व्हॅली’तून कार्टर कुटुंब आलं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि साराची मावसबहीण मेबेल. साराच्या कडेवर काही महिन्यांचं बाळ. मेबेल अठरा वर्षांची आणि आठव्या महिन्यात. ऑगस्टच्या उकाड्यात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बंद केलेल्या खोलीत त्यांनी दोन दिवसांत सहा गाणी दिली.

ए. पी. गाणी गोळा करायचा. त्यासाठी डोंगरातली घरं पालथी घालायचा. या फेऱ्यांत पुढे किंग्जपोर्टचा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असायचा. ए. पी. शब्द लिहून घेई, रिडल चाल डोक्यात ठेवी. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. ‘डोंगरातलं शुद्ध गोरं संगीत’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा या दोघांची जोडी आठवावी.

आता मुद्द्याचं. १९२९ मध्ये कार्टर कुटुंबाने क्लिंच माउंटनच्या घराची आठवण काढणारं गाणं रेकॉर्ड केलं. ए. पी. तर तिथेच राहत होता, मग आठवण कसली? पण तरुणपणी तो रेल्वेच्या कामासाठी इंडियानात गेला होता, तिथे आजारी पडला, घरची ओढ लागून परत आला. गाण्याचं बीज तिथलं. पुढे १९३८-३९ च्या सुमारास हे कुटुंब टेक्सासच्या सीमेवर जाऊन राहिलं, कारण नदीपलीकडे मेक्सिकोत ‘एक्सईआरए’ नावाचं प्रचंड ताकदीचं रेडिओ केंद्र होतं आणि अमेरिकन कायद्याची मर्यादा त्याला लागू नव्हती. त्या केंद्रावरून त्यांचा आवाज अमेरिकाभर गेला. म्हणजे देशाने क्लिंच माउंटनचं घर ऐकलं ते रखरखीत सपाट प्रदेशातून. आणि ऐकणाऱ्यांत कोण होतं? गावाहून उठून गिरणीत, खाणीत, कारखान्यात गेलेली माणसं.

ती माणसं थोडीथोडकी नव्हती. १९४० ते १९७० या तीस वर्षांत तीस लाखांहून जास्त लोक ॲपलेशियातून बाहेर पडले. खाणींत यंत्रं आली, मजूर नकोसे झाले; तिकडे डेट्रॉइट, सिनसिनाटी, शिकागो, ॲक्रनचे कारखाने बोलवत होते. पूर्व केंटकीतून उत्तरेला जाणारा मुख्य रस्ता म्हणजे यूएस २३. ड्वाइट योकम हा गायक तिथल्या पाइकव्हिलला जन्मला आणि ओहायोतल्या कोलंबसला वाढला. त्याने १९८७ मध्ये या रस्त्यावरच गाणं केलं. डोंगरातल्या पोरांना शाळेत तीन गोष्टी शिकवतात, वाचन, लेखन आणि रूट २३, असा त्यातला कडवट विनोद. याच रस्त्याच्या आसपास लोरेटा लिन, रिकी स्कॅग्ज, ख्रिस स्टेपलटन, टायलर चाइल्डर्स असे कितीतरी गायक जन्मले किंवा वाढले, म्हणून केंटकीने त्याला ‘कंट्री म्युझिक हायवे’ असं नाव दिलंय. ज्या रस्त्याने गाव रिकामं झालं त्याच रस्त्याची आता पर्यटनासाठी पाटी.

लोरेटा लिनचं १९७० चं आत्मचरित्रात्मक गाणं जरा जवळून बघू. बुचर हॉलर, जॉन्सन काउंटी, केंटकी. टेकडीवर झोपडी, एवढाच काय तो भूगोल. पुढे सगळी कामं आणि वस्तू. बाप रात्रभर व्हॅन लीअरच्या खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात. आई धुण्याच्या खडबडीत फळीवर कपडे घासते, बोटांतून रक्त येतं. रॉकेलच्या दिव्याखाली बायबल. उन्हाळ्यात पोरं अनवाणी, थंडी आली की एक डुक्कर विकून कॅटलॉगमधून जोडे मागवायचे. शेवटच्या कडव्यात ती परत जाते तर घराचा तळच काय तो उरलेला. आठ पोरांचं कुटुंब, आणि तक्रार नाही, दवंडीही नाही. माझ्या मते ‘ठिकाणाचा भाव’ म्हणजे काय हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण कंट्रीत नाही. डोंगर पार्श्वभूमीला टांगलेला नाही; कष्टांची जी यादी आहे ती दुसऱ्या कुठल्या जागेची असूच शकत नाही. लग्न होऊन पंधराव्या वर्षी ती वॉशिंग्टन राज्यात, देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. लिहिणं सुरू झालं ते तिकडे गेल्यावर.

डॉली पार्टनचंही तसंच. टेनेसीच्या सेव्हिअर काउंटीत १९४६ चा जन्म, बारा भावंडं, बाळंतपणाची फी म्हणून डॉक्टरला मक्याच्या पिठाचं पोतं. १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नॅशव्हिलची बस धरली. १९७३ चा तिचा टेनेसीतल्या डोंगरघरावरचा अल्बम सुरू होतो तो गाण्याने नाही, पत्रवाचनाने. नॅशव्हिलहून आईवडिलांना लिहिलेलं घरच्या आठवणींचं पहिलं पत्र. नंतर ओसरी, काजवे, चर्च असं सगळं गोड येतं. पण याच बाईने त्याआधी दुसऱ्या एका गाण्यात सांगितलंय की त्या आठवणी कितीही पैसे दिले तरी विकणार नाही, आणि कितीही पैसे दिले तरी ते दिवस पुन्हा काढणार नाही. त्या गोड गाण्यांसोबत हे गाणंही ऐकावं. नुसती गोड गाणी ऐकली तर डोंगर म्हणजे मिठाईचा डबा वाटतो. १९८६ मध्ये तिच्या भागीदारीने तिच्याच काउंटीतल्या एका जुन्या करमणूक उद्यानाचं ‘डॉलीवुड’ झालं. त्यात तिच्या झोपडीची प्रतिकृती आहे, भावाने बांधलेली. लोक तिकीट काढून ती बघतात.

पोस्टकार्डावरच्या डोंगराचं सर्वात गाजलेलं गाणं अर्थातच वेस्ट व्हर्जिनियाला घरी ने म्हणणारं, जॉन डेन्व्हरचं, १९७१ चं. आपल्याकडे कॉलेजच्या शेकोटीला गिटार आली की ते हमखास निघतं. ते बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांनी सुरू केलं आणि डेन्व्हरसोबत पूर्ण केलं. कल्पना सुचली मेरीलँडमधल्या एका आडरस्त्यावर गाडीतून जाताना. डॅनॉफ तोवर वेस्ट व्हर्जिनियात गेलेला नव्हता. गाण्यात ज्यांची नावं येतात ती ब्लू रिज आणि शेनांडोआ नदी, दोन्ही मुख्यतः शेजारच्या व्हर्जिनियातली. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या टोकाला त्यांचा फक्त स्पर्श होतो. मूळचा खाणप्रदेश तिथून लांब. तरीही २०१४ मध्ये त्या राज्याने हे अधिकृत राज्यगीत केलं, आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत ते १९७२ पासून वाजतंय. भूगोलाच्या चुकीवर मी पूर्वी नाक मुरडायचो. आता वाटतं, हे गाणं ठिकाणाचं नाहीच, ते गाडीत बसलेल्या माणसाचं आहे. घर अजून आलेलं नाही, आणि तो उशीर झाल्याची रुखरुख बोलून दाखवतो. म्हणूनच ते जपानीत जाऊ शकतं, कोल्हापुरात जाऊ शकतं. लोरेटाचं गाणं तसं जाऊ शकत नाही, आणि ते त्याचं बळ आहे.

आणखी एक गोष्ट पोस्टकार्डात मावत नाही, कोळसा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपन्यांच्या दलालांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क किरकोळ पैशांत लिहून घेतले. जमीन तुमची, खालचं सगळं आमचं, आणि ते काढायला लागेल ते करण्याची मुभाही आमची. तेव्हा खाण म्हणजे बोगदा. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठी यंत्रं आली आणि कंपन्या वरूनच डोंगर सोलू लागल्या. ज्याच्या आजोबाने सही केली होती त्याचं शेत, ओढा, कधी कबरस्तानही त्यात गेलं. केंटकीने राज्यघटनेत दुरुस्ती करून याला लगाम घातला तो १९८८ मध्ये. जीन रिची ही गायिका केंटकीतल्या व्हायपर गावची, चौदा भावंडांत धाकटी. तिने काळ्या झालेल्या ओढ्यांवर आणि रेल्वे बंद पडलेल्या खाणगावावर गाणी लिहिली. त्यांतली काही तिने आजोबांच्या नावावर प्रसिद्ध केली. हेझल डिकन्स या गायिकेचा भाऊ खाणीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेला. तिने त्यावर केलेलं गाणं ती जवळजवळ साथीशिवाय गाते. या बायकांच्या गाण्यांत डोंगर ही आठवण नाही, वादातली मालमत्ता आहे. डॅरेल स्कॉटच्या हार्लनमध्येही माणूस आपल्याच थडग्याच्या तळातून कोळसा खणतो. ते गाणं २००१ मध्ये पॅटी लव्हलेसने घेतलं. ती स्वतः पूर्व केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी.

पश्चिमेकडच्या रॉकी पर्वताची गोष्ट निराळी, आणि तीत मला कमी रस आहे. तिथली शिखरं चार हजार मीटरच्या वर, वर मोकळं आभाळ, माणूस एकटा. डेन्व्हरच्या १९७२ च्या रॉकीवरच्या गाण्यात नायक सत्ताविसाव्या वर्षी, आधी कधी न पाहिलेल्या जागी ‘घरी’ येतो. आजी नाही, कबरस्तान नाही, सहीचा कागद नाही. ॲपलेशियात घर हरवलेलं असतं, इथे ते नव्याने सापडतं. कोलोरॅडोनेही २००७ मध्ये ते राज्यगीत केलं.

पण गाण्यातला डोंगर खऱ्या जागेवर किती चढून बसतो, याचा नमुना टेनेसीत बघायला मिळतो. १९६७ मध्ये फेलिस आणि बूडलो ब्रायंट या नवराबायकोने गॅटलिनबर्गच्या हॉटेलात बसून, दहाएक मिनिटांत, ‘रॉकी टॉप’ हे उडत्या चालीचं गाणं लिहिलं. ती मिलवॉकीची, तो जॉर्जियाचा. १९८२ मध्ये ते टेनेसीचं एक राज्यगीत झालं. रॉकी टॉप नावाचा माथा खरोखर आहे, स्मोकी पर्वतात, नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर. तिथून बऱ्याच अंतरावर कोल क्रीक नावाचं खाणगाव होतं. १८९१ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी तुरुंगातले कैदी भाड्याने आणून राबवण्याविरुद्ध बंदुका उचलल्या होत्या. १९०२ मध्ये जवळच्या फ्रेटरव्हिल खाणीत स्फोट होऊन २१६ माणसं गेली. पुढे जवळ धरण झालं तेव्हा गावाने नाव बदलून लेक सिटी केलं. आणि २०१४ मध्ये, पर्यटक येतील या आशेने, गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीशी कोर्टकज्जा करून, त्याने तिसरं नाव घेतलं, रॉकी टॉप. स्फोटात गेलेल्यांच्या कबरी अजून तिथल्या दफनभूमीत आहेत.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर कार्टर कुटुंबाच्या १९२७ च्या सहा गाण्यांपासून करा, मग रॉस्को होलकॉम्ब नावाच्या केंटकीच्या मजुराचा बँजो आणि गळा, मग लोरेटा, मग पॅटी लव्हलेसचं हार्लन. ऐकताना शेजारी नकाशा उघडा आणि उपग्रहाचं चित्र लावा. हार्लनच्या आसपास हिरव्या सुरकुत्यांमध्ये मधेच सपाट, फिकट तपकिरी चट्टे दिसतील. ते खाणकामाने सोललेले माथे.